खेळून पोट भरते का?

मागल्या महिन्यात संध्याकाळच्या वर्गात आम्ही फळ्यावर 'खेळ' हा शब्द लिहिला. ख आणि ळ ही दोन्ही अक्षरे हाताला वळण लावायला जरा अवघड. म्हणून मुद्दाम लिहिला होता. सगळ्यांनी तो वाचला. एवढ्यात मागच्या रांगेतली एक आक्का म्हणाली, "गुरुजी, वाचला. पण आता एक सांगा. खेळून पोट भरतं का?"

सगळे हसले. ती हसली नाही.

तिचा मुलगा सतरा वर्षांचा आहे. कबड्डी खेळतो. चढाईला गेला आणि दोघे-तिघे अंगावर पडले, तरी तसाच सरपटत मधल्या रेषेला बोट लावतो. बाहेरगावच्या एका संघाने त्याला बोलावले आहे. राहणे, खाणे आणि महिन्याला काही पैसे देतो म्हणतात. पोरगा म्हणतो, बारावी सोडतो. बाप मागावर कामाला. तो म्हणतो, "पोरगं कमावतंय तर कमावू दे." आई म्हणते, "आज कमवंल. पुढं काय?"

मास्तर मंडळींना विचारल्याबरोबर उत्तर देण्याची खोड असते. ती आम्ही त्या दिवशी आवरली. "चार दिवस द्या आक्का, वाचून सांगतो," म्हणालो. जे वाचले त्याचा हा धडा.

आधी जरा लांबचा एक खेळ बघू. आपल्या माणसाकडे मग वळू. लांबचा खेळ आधी घेण्याचे कारण असे की, 'खेळाडूला पैसे द्यावेत की नाही' या प्रश्नावर तिथे शंभर वर्षे भांडण चालले होते.

त्या खेळाचे नाव रग्बी. इंग्लंडात रग्बी नावाचे गाव आहे. तिथल्या शाळेत हा खेळ वाढला, म्हणून त्याला गावाचे नाव पडले. एका बाजूला पंधरा गडी. चेंडू गोल नसतो. दोन्ही टोकांना निमुळता, पपईसारखा असतो. तो हातात घेऊन पळायचे आणि समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवायचा. टेकवला की पाच गुण. चेंडू गड्याकडे फेकता येतो, पण हाताने पुढे फेकायचा नाही. बाजूला किंवा मागेच फेकायचा. म्हणजे पुढे जायचे तर स्वतः पळत जायचे. आणि पळणाऱ्याला समोरचे गडी कमरेला, मांडीला मिठी घालून खाली पाडतात. आपल्या कबड्डीतली पकड आठवा. तशीच पकड, पण भर वेगात धावणाऱ्या शंभर किलोच्या माणसाची. डाव चाळीस-चाळीस मिनिटांचा, दोन वेळा.

या खेळाचा आपल्या रुपयाशी एक गमतीचा संबंध आहे. तो सांगितल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. १८७३ च्या सुमारास कलकत्त्यातल्या इंग्रज मंडळींनी रग्बीचा एक संघ काढला. पाच-सहा वर्षांत तो मोडला. बँकेत पैसे शिल्लक होते. त्यांचे करायचे काय? त्यांनी ते सगळे चांदीच्या रुपयांत काढले. २७० रुपये भरले. ते रुपये वितळवून त्यांचा एक पेला घडवला आणि इंग्लंडला पाठवून दिला. पेल्याला तीन नागांच्या मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती बसवला आहे. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड हे दोन देश त्या पेल्यासाठी रग्बी खेळतात. अजूनही खेळतात. आपल्या टांकसाळीतला रुपया तिकडे असा अडकून बसला आहे.

असो. आता भांडणाकडे येऊ.

हा खेळ आधी मोठ्या घरची मुले खेळत. त्यांना पोटाची काळजी नव्हती. पुढे इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायर आणि लँकेशायर या मुलखात, गिरणी कामगार आणि कोळशाच्या खाणीतले मजूर हा खेळ खेळू लागले. ते दमदार गडी होते. त्यांनी मोठमोठ्या संघांना हरवले. पण सामना शनिवारी. शनिवारी गिरणी अर्धा दिवस चालू. लांबच्या गावी सामना असला की सकाळीच निघावे लागे. म्हणजे खाडा. आणि खाडा झाला की मजुरी कापली.

माधवनगरच्या माणसाला खाडा म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. गिरणीचा भोंगा आठवणारी माणसे अजून गावात आहेत. आणि ज्यांच्या घरात आज माग चालतो, त्यांना ठाऊक आहे की माग थांबला म्हणजे मीटर थांबला आणि मीटर थांबला म्हणजे पैसा थांबला.

त्या कामगारांनी मागणी काय केली? पगार द्या असे ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "आम्ही खेळायला आलो म्हणून आमची जी मजुरी बुडाली, तेवढी भरून द्या." एवढेच. १८९३ साली या मागणीवर मोठी सभा झाली. मते मोजली. मागणी पडली. सभेतले वजनदार लोक म्हणाले, खेळ हा हौसेचा असतो. त्यात पैसा आला की खेळ नासतो. ज्याला परवडत नाही त्याने खेळू नये.

आम्ही हे वाचले तेव्हा पुस्तक जरा वेळ मिटून ठेवले. पोट भरलेल्या माणसाने भुकेल्याला सांगावे की जेवण ही हलकी गोष्ट आहे, तसे हे झाले.

दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ या दिवशी, उत्तरेकडचे वीस-बावीस संघ हडर्सफील्ड नावाच्या गावी जमले आणि वेगळे झाले. त्यांनी बुडालेल्या मजुरीबद्दल दिवसाला सहा शिलिंग देण्याचा नियम केला. शिलिंग हे तिकडचे जुने नाणे. पुढे त्यांनी गडीही तेरा केले आणि त्यांचा खेळच निराळा झाला. उरलेल्या जुन्या रग्बीत मात्र पैशाला बंदी. तिथला खेळाडू पैसे घेऊन त्या दुसऱ्या खेळात गेला, तर त्याला जन्मभर परत घेत नसत. वाळीतच टाकत म्हणा ना.

अशी शंभर वर्षे गेली. मग दूरचित्रवाणी आली. सामने घरोघर दिसू लागले. दाखवणाऱ्या कंपन्या कोट्यवधी डॉलर मोजू लागल्या. तिकिटाचे पैसे संघाला, जाहिरातीचे पैसे कंपनीला, आणि जो अंगावर मार खातो त्याला काही नाही. हे किती दिवस चालणार? १९९५ च्या ऑगस्टच्या शेवटी पॅरिस येथे सभा भरली आणि बंदी उठली. पहिल्या फुटीला शंभर वर्षे पुरी व्हायला दोन-तीन दिवस कमी होते. तेव्हापासून या रग्बीचा खेळाडू उजळ माथ्याने पगार घेतो.

तो पगार कसा असतो, हे आपल्या आक्काने नीट वाचावे. संघ खेळाडूशी करार करतो. करार म्हणजे लिहून दिलेला बोल. तो बहुधा वर्ष, दोन वर्षे, तीन वर्षे एवढाच असतो. नोकरीसारखा साठ वर्षांपर्यंत नसतो. खेळाडू विशीत लागतो आणि तिशी ओलांडली की दोन-चार वर्षांत थांबतो. गुडघा, खांदा, मान यांतले काही ना काही तोपर्यंत झिजलेले असते. म्हणजे इतर माणसे ज्या वयात कामात मुरतात, त्या वयात हा घरी बसतो. बारा-पंधरा वर्षांच्या कमाईवर पुढची चाळीस वर्षे काढायची.

आणि मार? मोडलेला हात जुळतो. पण डोक्याला बसलेला मार वरून दिसत नाही. इंग्लंडचा स्टीव्ह थॉम्पसन नावाचा खेळाडू होता. २००३ साली इंग्लंडने रग्बीचा विश्वचषक जिंकला, त्या संघात तो होता. पुढच्या फळीतला गडी. रोज डोक्याने, खांद्याने रेटा द्यायचे काम. २०२० साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याला डॉक्टरांनी विसरभोळेपणाचा आजार सांगितला. म्हाताऱ्या माणसाला होतो तसला. त्याने जगाला सांगितले की, विश्वचषक जिंकल्याचे आपल्याला काहीच आठवत नाही. त्याने आणि दुसऱ्या कित्येक खेळाडूंनी खेळ चालवणाऱ्या मंडळांवर दावा लावला. आता डोक्याला मार बसल्याचा संशय आला तरी गड्याला बाहेर काढून तपासतात. त्याच्यासाठी हे उशिरा झाले.

जन्मातला सगळ्यात मोठा दिवस आणि तो आठवत नाही! आम्ही हे वर्गात सांगितले तेव्हा कोणी काही बोलले नाही. मागल्या रांगेतली आक्का पाटीवर नुसतीच रेघा ओढत होती.

आता आपल्या मुलखात येऊ.

पुण्याहून मिरजेला येणाऱ्या रेल्वेवर कराड आहे. आपल्या माधवनगरच्या ठेसनावरून जाणारी तीच ही लाइन. कराडला लागून गोळेश्वर नावाचे गाव आहे. तिथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब हे स्वतः कुस्ती करणारे. पाच भावांत खाशाबा धाकटे. अंगाने ठेंगणे. बघणाऱ्याला हा पैलवान आहे असे वाटतही नसे. पण चपळ असे की हातातून मासळी निसटावी तसे निसटत आणि दुसऱ्या क्षणी समोरच्याच्या पाठीवर असत.

कराडच्या टिळक हायस्कुलात ते शिकले. मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. हे ध्यानात ठेवा. त्यांनी कुस्तीसाठी शाळा सोडली नाही आणि शाळेसाठी कुस्तीही सोडली नाही.

कोल्हापूर म्हणजे कुस्तीचे माहेर. तालमीत तांबडी माती. तिच्यात ताक, तेल, हळद घालून ती लोण्यासारखी मऊ करतात. अशा मातीत खाशाबा वाढले. १९४८ साली लंडनला ऑलिंपिक सामने झाले. ऑलिंपिक म्हणजे चार वर्षांनी भरणारी साऱ्या जगाची जत्राच. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला आणि खाशाबा लंडनला गेले. तिथे माती नव्हती. गादी होती. पाय वेगळा पडतो, जोर वेगळा लागतो, नियम वेगळे. तरी सगळ्यात हलक्या वजनाच्या गटात त्यांचा सहावा नंबर आला. सहावा म्हणजे काय, असे म्हणू नका. गादीचा नीट सराव नसलेला माणूस जगात सहावा आला.

चार वर्षांनी, १९५२ साली, फिनलंड देशात हेलसिंकी गावी सामने ठरले. या वेळी खाशाबांनी गादीवर मेहनत केली होती. पण दोन अडचणी आल्या. पहिली निवडीची. निवडीत आपल्यावर अन्याय झाला असे त्यांचे म्हणणे होते. ते गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली. ती त्यांनी मारली आणि नाव यादीत आले.

दुसरी अडचण पैशाची. निवड झाली, पण जाण्यायेण्याचा खर्च ज्याचा त्याने पाहायचा. खाशाबा आणि घरचे लोक वर्गणीसाठी दारोदार फिरले. गावाने दिले, व्यापाऱ्यांनी दिले, तरी रक्कम भरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले. त्या काळी तोळाभर सोने शंभर रुपयांच्या आत मिळत होते. यावरून सात हजार म्हणजे किती याचा अंदाज करा. आम्हीही जन्मभर शाळेतच काढला. कितीतरी मुलांची पाठ थोपटली. पण घर गहाण टाकायची वेळ आली असती तर आमचा हात सहीसाठी पुढे झाला असता का, हे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

हेलसिंकीला खाशाबांनी कॅनडाचा मल्ल हरवला. मेक्सिकोचा हरवला. जर्मनीचा हरवला. मग जपानच्या शोहाची इशी याच्याशी गाठ पडली. ती कुस्ती लांबली आणि खाशाबा हरले. अंग पिळून निघाले होते. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विसावा द्यावा असा नियम होता. पण त्यांना लगेच रशियाच्या मल्लाशी लढायला सांगितले. नियम दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा तसेच उतरले आणि हरले. सोन्याचे पदक जपानकडे गेले, रुप्याचे रशियाकडे, आणि काशाचे आपल्या गोळेश्वरला आले. तारीख होती २३ जुलै १९५२.

स्वतंत्र भारतात एकट्याच्या खेळात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक. हॉकीत आपण त्याच वर्षी सोने जिंकले होते, पण तो अकरा जणांचा खेळ. एकट्या माणसाने पुन्हा पदक आणायला १९९६ साल उजाडले. ते टेनिसमध्ये लिअँडर पेसने आणले. कुस्तीत पुन्हा पदक यायला तर २००८ साल लागले. म्हणजे छप्पन्न वर्षे.

खाशाबा परत आले तेव्हा कराड ठेसनावर माणसांचा पूर लोटला. १५१ बैलगाड्या सजवून मिरवणूक काढली. एरवी पाव तासाची वाट, तिला सात तास लागले, असे सांगतात. ढोल, लेझीम, गुलाल, सगळे झाले. गुलाल उडवायला आपण मागे नसतो.

पण त्यानंतरची गोष्ट आम्हाला जास्त मोलाची वाटते. गुलाल धुतल्यावर खाशाबांपुढे काय होते? कर्ज. लोकांनी वर्गणी दिली होती, प्राचार्यांचे घर गहाण होते. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले, आणि त्यातून आलेल्या पैशातून प्राचार्यांचे पैसे फेडले. जगात तिसरा आलेला माणूस, आणि घरी येऊन पुन्हा मातीत उतरला तो कर्ज फेडायला.

आता हिशेब करा. पदक मिळाले २६ व्या वर्षी. पदकाला पगार नसतो. नोकरी लागली १९५५ साली, पोलिसात, फौजदार म्हणून. तीन वर्षे मध्ये गेली. पोलिसात त्यांनी कुस्तीची मैदाने मारली, इतरांना शिकवले. सत्तावीस वर्षे नोकरी केली. सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. मग निवृत्तिवेतनासाठी खेटे घालावे लागले. ज्या माणसाने दिल्लीला १९८२ साली आशियाई सामन्यांची मशाल हातात धरली, त्याला कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. शेवटचे दिवस ओढगस्तीचे गेले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. वय ५८.

मान मिळाला तो मागाहून. राज्याचा छत्रपती पुरस्कार मागाहून, केंद्राचा अर्जुन पुरस्कार मागाहून. २०१० साली दिल्लीला राष्ट्रकुल सामने झाले तेव्हा कुस्तीच्या मैदानाला त्यांचे नाव दिले. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. मोठे पदक आणणाऱ्या खेळाडूंना दरमहा निवृत्तिवेतन देण्याची केंद्र सरकारची योजना १९९४ साली सुरू झाली. खाशाबांना जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती.

कुणी म्हणेल, गुरुजी, हे जुने झाले. आता काळ बदलला. बरोबर आहे, बदलला. २०१४ साली कबड्डीची प्रो लीग निघाली. तीत खेळाडूंचा लिलाव होतो. सांगलीला हळदीचा सौदा निघतो, तसाच म्हणा. फरक एवढाच की इथे माणसाची बोली होते. आम्हाला हा शब्द अजून कानाला टोचतो. पण बोलीतून येणारा पैसा खरा आहे. पवन सेहरावत नावाच्या खेळाडूला २०२२ साली दोन कोटी सव्वीस लाख रुपये बोली लागली. हा आकडा शहाण्या माणसालाही दोनदा वाचावा लागतो. आणि काय झाले? हंगामाच्या पहिल्याच सामन्यात एकाला पकडताना त्याचा गुडघा दुखावला. सगळा हंगाम बाहेर बसला. तो पुन्हा उभा राहिला. पुढच्या वर्षी बोली आणखी वाढली, दोन कोटी साठ लाखांवर गेली, आणि चीनमध्ये आशियाई सामन्यांत त्याच्या संघाने सोनेही जिंकले. पण त्याच्या मागे चांगले डॉक्टर होते आणि नाव झालेले होते. नाव न झालेल्या पोराचा गुडघा गेला तर?

हे आम्ही पुस्तकातले सांगत नाही. आमच्या हाताखाली एक विद्यार्थी होता. नाव सांगत नाही, तो याच बाजूला आहे. कुस्तीत फार पुढे जाईल असे सगळ्यांना वाटे. आम्हालाही वाटे. दहावीच्या वर्षी तो तालमीत राहायला गेला. परीक्षेला बसला नाही. आम्ही त्याला अडवले नाही, उलट निरोपाला नारळ दिला. दोन वर्षांत त्याचा खांदा निखळला, नीट बसला नाही. दूध, तूप, बदाम यांवर बापाने गुंठे विकून पैसा घातला होता. आज तो दुसऱ्याच्या टेंपोवर हमाली करतो. भेटला की वाकून नमस्कार करतो. तो नमस्कार घेताना आम्हाला नारळ आठवतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. कवठेपिरानचे मारुती माने आपल्याच जिल्ह्यातले. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई सामन्यांत त्यांनी सोने जिंकले. त्यांनी जन्मभर कुस्तीवर मान मिळवला. रग्बीचेही आता आपल्याकडे पैसे देणारे सामने निघाले. जून २०२५ मध्ये मुंबईला सहा संघ खेळले, सात-सात गड्यांचे. उद्या आपल्यातला एखादा पकडबाज पोरगा तिकडे गेला तर नवल नाही. कबड्डीच्या गड्याला पाडायचे कसे ते शिकवावे लागत नाही.

म्हणून आक्काला आम्ही काय सांगितले, ते लिहितो.

आम्ही म्हणालो, "आक्का, पोट भरतं. पण सगळ्यांचं नाही, आणि फार वर्षं नाही. पोराला खेळू द्या. बारावी मात्र सोडू देऊ नका."

ती म्हणाली, "दोन्ही कसं जमंल?"

"खाशाबांनी जमवलं. आणि दुसरं कारण ऐका. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत शंभरातल्या पाच जागा खेळाडूंसाठी आहेत. पण त्या जागेला लागणारं शिक्षण हवंच. बारावी मागितली असेल तर बारावीच लागते. नुसत्या ढालीवर नोकरी देत नाहीत. आणि सामन्याची प्रमाणपत्रं जपून ठेवा. ती खरी का खोटी हे तपासून घेतात. पत्र्याच्या पेटीत ठेवा, उंदराला देऊ नका."

मग आम्ही विचारले, "त्या संघाने काही लिहून दिलंय का?"

"दिलाय एक कागद. पोरानं सही केली न्हाई अजून. म्हणतोय, बापाचा अंगठा लागतोय."

"घेऊन या."

दुसऱ्या दिवशी तिने कागद आणला. चार घड्या घातलेला, पिशवीच्या तळाशी. आम्ही हातात घेतला नाही. तिलाच वाचायला सांगितले. सगळा वर्ग ऐकत बसला. एकेका अक्षरावर बोट ठेवून ती वाचत गेली. जोडाक्षर आले की थांबे. 'मानधन' वाचले. म्हणजे द्यायचे पैसे. आकडा वाचला. 'निवास' वाचले. 'भोजन' वाचले. 'करार अकरा महिने' वाचले. मग ती कागद उलटा करून पाहू लागली. मागची बाजू कोरी होती.

"काय शोधता आक्का?"

"हात-पाय मोडला तर दवाखाना कोण करणार, ते कुठं लिहिलंय?"

कुठेच लिहिलेले नव्हते. परीक्षेच्या दिवसांत सुट्टी मिळेल की नाही, तेही नव्हते. पैसे महिन्याच्या कोणत्या तारखेला देणार, तेही नव्हते.

त्या रात्री तिने वहीच्या पानावर तीन ओळी लिहिल्या. पहिली, दवाखान्याचा खर्च संघाने करावा. दुसरी, बारावीच्या परीक्षेला महिनाभर सुट्टी द्यावी. तिसरी, पैसे पाच तारखेच्या आत द्यावेत. 'दवाखान्याचा' या शब्दात न ला य जोडताना दोनदा खोडले. आम्ही दुरुस्त करायला गेलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या गुरुजी, माझं मी करते."

येत्या सोमवारी ती आणि तिचा मालक त्या संघाच्या माणसांकडे जाणार आहेत. मालकाने एका पाळीचा खाडा सांगून ठेवला आहे.